लवकर येऊन बघा

१

तक्रार पोस्टानं आली नाही. कारवीच्या वाडीच्या अंगणवाडीचा मासिक अहवाल मी चाळत होते, तेव्हा मुलांच्या वजनाच्या तक्त्यातून चार घड्या घातलेला कागद टेबलावर पडला. शाळेच्या वहीचं फाडलेलं पान. जेल पेनची निळी शाई, आणि प्रत्येक ओळीवर ती उजवीकडे फरकटलेली.

‘मॅडम, जयाच्या घरात एक बाप्या राहतो. दिवसभर खोकतसुद्धा नाही. संध्याकाळी दार लागलं की जेवतो. अनुदान एकट्या बाईला असतं ना? मग येऊन बघा. लवकर येऊन बघा.’

खाली सही नाही, तारीख नाही.

मी इंद्रायणी, अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. ऑफिस घोडेगावात, पण पाय कायम डोंगरात. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी शिकले होते, निदान मला तसं वाटत होतं. एकट्या आईच्या मुलांना सरकार काही देणार असं कळलं, की वाड्यावाड्यांतून नवरे गायब व्हायला लागतात. कुणी मुंबईला जातो, कुणी सुरतेला, आणि चौकशीला गेलं की मागच्या दारी दाढी करताना सापडतो. असे तीन मी स्वतः पकडले होते. ऑफिसात यावरून माझी थट्टा व्हायची आणि मला ती आवडायची.

जयाची गोष्ट मात्र वेगळी होती. तिचा नवरा सुभाष चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला आणि परगावी दुसरा संसार थाटून बसला, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा ऋतिक अनुदानाच्या जोरावर मंचरला वसतिगृहात राहून नववीत शिकत होता. तक्रार खरी निघाली तर अनुदान बंद, आणि त्याच्या मागोमाग वसतिगृहही बंद. पुढच्या वर्षाची यादी उद्या सकाळी अकराला जायची होती. त्याच वाडीचा एक नवा अर्जही माझ्याकडे पडून होता. अर्जदार मोहिनी, नवरा ज्ञानेश्वर गणपती झाल्यावर घर सोडून गेला, मुलगी एक. दोन्ही कामं एका फेरीत उरकतील म्हणून मी सकाळची एसटी धरली.

गाडीत बसल्यावर मला एक आठवलं. कारवीच्या वाडीच्या अंगणवाडीचे पत्रे पावसाळ्यात उडाले होते, म्हणून अहवाल आणि तक्ते असलेली दप्तराची पेटी शेजारच्या घरात ठेवली होती. पेटीला कुलूप नव्हतं. आणि ते शेजारचं घर जयाचंच होतं.

म्हणजे जयाविरुद्धची तक्रार जयाच्याच घरात बसून कुणीतरी पेटीत सरकवली होती.

२

घर लांबट, एका आढ्याखाली दोन बिऱ्हाडं. अलीकडे जया, पलीकडे मोहिनी, मध्ये शेणामातीनं लिंपलेला कारवीचा कूड. अंगणात दोरीवर निळ्या चौकड्यांचा पुरुषी शर्ट वाळत घातलेला, आणि उंबऱ्याशी पुरुषी चपलांचा जोड. मला वाटलं, पाच मिनिटांत काम झालं.

मी शर्टाला हात लावला. कडकडीत कोरडा. उन्हाकडची बाजू विटून पांढरी झालेली, खांद्यावर पाखरांची घाण. चपलांच्या अंगठ्यात कोळ्यानं जाळं विणलेलं.

“तीन वर्सं झाली लावून,” जया मागून म्हणाली. पस्तिशीची बाई, हातांना भाताच्या पात्यांचे चरे. “सुभाष गेला तवा रोज कुनीतरी दारात यायचं. आगपेटी हाय का, पानी हाय का. मग सासूच म्हनली, त्येचा शर्ट टांग. बाप्याचं कापड दिसलं की मानूस उंबऱ्याशी थबकतो.”

“आणि आता लोक म्हणतात, तुझ्या घरात बाप्या आहे.”

“म्हनत्यात. टांगला न्हाई तरी म्हनत्यात.”

तिनं पडवीत घोंगडी टाकली. मी बसले आणि सवयीनं सगळीकडे नजर फिरवली. भिंतीशी दप्तराची पेटी. कोपऱ्यात माणसाच्या उंचीची भात साठवायची कणगी, भिंतीपासून चांगली दोन हात पुढे ओढलेली. मागच्या अंगणात कापलेल्या भाताची उडवी रचलेली, अजून झोडणी व्हायची होती. पेंढ्या नीट, एकसारख्या. माझं माहेर भाताच्या गावातलं, म्हणून माझं लक्ष बंधांकडे गेलं. गवताच्या बंधाला पीळ घालताना सगळे उजवीकडे घालतात. इथे पीळ उलटा होता.

“कापणी कुणी केली?”

“मीच. येकटीनं कापलं, डोईवर वाहून आनलं, हितं आनून बांधलं.”

“ऋतिक दिवाळीत मदतीला होता का?”

“त्यो मामाकडंच ऱ्हायला औंदा.”

“दिवाळीला? एकुलतं एक पोर, आणि आईकडे आलं नाही?”

जयानं मान खाली घातली. मी कागद काढून तिला वाचून दाखवला. ‘दिवसभर खोकतसुद्धा नाही’ या ओळीला तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी अनेक खोट्या बायका पाहिल्यात. त्या ओरडतात, शपथा घेतात, पोराच्या डोक्यावर हात ठेवतात. जयानं यातलं काही केलं नाही.

“ह्ये कुनी लिवलं?” तिनं एवढंच विचारलं.

“तेच शोधायला आले. जया, उद्या अकराला यादी जाणार आहे. तुझ्या घरात कुणी राहत नसेल तर तसं सांग. मी लिहीन आणि विषय मिटेल.”

तिनं घोंगडीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“सुभाष आला न्हाई आन् दुसरा दादला मी केला न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “पर म्याडम, तुमी इचारताय त्येचं पुरतं उत्तर मला देता याचं न्हाई. पोराची शाळा गेली तरी न्हाई.”

३

जयाच्या पडवीत कोण कोण येतं याची यादी मी तिच्याकडूनच घेतली. अंगणवाडी सेविका द्रौपदा, सासू साळुबाई, शेजारची मोहिनी, आणि समितीच्या सहीसाठी महिन्यातून एकदा येणारे गेणभाऊ. चौघांपैकी एकानं कागद पेटीत टाकला होता, यात मला शंका नव्हती.

साळुबाई खालच्या आळीत भावाकडे राहायची. मी विषय काढताच म्हातारीचे डोळे चमकले.

“त्यो माझा सुभाषच आसंल! चोरून येत आसंल लेकराला बघाया. दोरीवर शर्ट त्येचाच हाय, मी वळखते ना.”

“आजी, तो शर्ट टांगायला तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगितलं व्हतं,” ती म्हणाली आणि चेहरा उतरला. “पर म्हनलं, आसंल. माझा पोरगा पळाला तर तिला सरकार पगार देतंय. ज्या आईचा पोरगा पळाला तिला काय देतंय? इचारा की तुमच्या सायबाला.”

मी सहीसाठी वही पुढे केली. तिनं अंगठ्यासाठी शाई मागितली. साळुबाईला अक्षर येत नव्हतं.

गेणभाऊंचं फाट्यावर चहाचं हॉटेल. माजी उपसरपंच, पांढरी टोपी, आवाज सगळ्या वाडीला पुरेल एवढा.

“नारायणगावचा टेम्पोवाला हाय, म्याडम. लिहून घ्या. शर्ट बघितला न्हाई का तुमी? आवो, ह्या योजनांनी बायका माजल्या. नवरा सोडला की पैसा. संसार करून दाखवला त्येला काय? माझ्या सुनेनं नवऱ्याबरुबर धा वर्सं काढली, तिला एक रुपाया न्हाई. आन् जी येकटी, तिच्या पोराला मंचरची शाळा!”

बाकावर बसलेले दोघे-तिघे माना हलवत होते. “खरं हाय राव,” एक जण म्हणाला. “जोडी मोडंल त्येलाच इनाम.”

खरं सांगायचं तर मलाही त्यांचं म्हणणं आतून पटत होतं. सकाळी गाडीत मी हेच म्हणत आले होते.

“तक्रार तुम्ही केलीत का, गेणभाऊ?”

“मी?” त्यांनी छातीवर हात मारला. “मी केली आसती तर सही ठोकून केली आसती. वर पन्नास सह्या आनल्या आसत्या. निनावी बायका लिवत्यात.”

उरली होती द्रौपदा. ती बिचारी घाबरून माझ्यामागे फाट्यापर्यंत आली होती. कुजबुजत म्हणाली, “लोकं पत्रे ठोकाया आलेल्या मिस्त्रीचं नाव घेत्यात, ताई. शर्ट त्येचा म्हनं. मला म्हाईत न्हाई. मी आपली हजेरी लिवते.” तिचं अक्षर मी दर महिन्याला पाहते, छापल्यासारखं गोल. कागदावरच्या वाकड्यातिकड्या ओळी तिच्या नव्हत्या.

मी हॉटेलाबाहेर उभी राहून कागद पुन्हा वाचला आणि मला काहीतरी खटकलं. वाडीत तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली. शर्टाबद्दल बोलल्याशिवाय तर एकही जण राहिला नाही. पण ज्यानं तक्रार लिहिली त्यानं बाप्याचं नाव लिहिलं नव्हतं. आणि शर्टाचा एका शब्दानंही उल्लेख केला नव्हता.

४

राहिली मोहिनी. एका कुडाची शेजारीण. कुडाला कान लावला तर कोण खोकतं आणि कोण खोकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

तिच्या घरात चूल विझलेली होती. तिशीची असेल, पण गालफडं बसलेली. मी तिचा अर्ज उघडला.

“ज्ञानेश्वर कधी गेला?”

“गौरी-गणपती झाल्याव.” तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. “सकाळच्या गाडीनं गेलं. फोन न्हाई, निरोप न्हाई.”

“का गेला?”

इथे तिचं पाठांतर संपलं. दोन वर्षांपूर्वी ज्ञानेश्वर हिरड्याच्या झाडावरून पडला. कंबर मोडली. उठतो, बसतो, काठी घेऊन चार पावलं टाकतो, पण ओझं उचलणं, नांगर धरणं संपलं. दवाखान्यात अपंगत्वाचे टक्के काढले तर ते कमी भरले.

“चालतोय म्हनून अपंग न्हाई. अपंग न्हाई म्हनून पेन्शन न्हाई. आन् नवरा घरात हाय म्हनून पोरीला अनुदान न्हाई,” मोहिनी म्हणाली. “मी सगळ्या खिडक्यांवर गेले म्याडम. सगळे नीट बोलले. पन कागदावर आमी दोन कमावती मानसं. जयाच्या कागदावर येक. तिच्या घरी दोन वक्ताला चूल पेटती, आमच्या घरी येक वक्ताला. पोरगी शाळेतली खिचडी डब्यात घालून आनती, बापासाठी.”

ती एकदम थांबली. “आनायची,” तिनं दुरुस्त केलं. “बाप व्हता तवा.”

“आणि तो गेला, मग तू अर्ज केलास. जयाचं नाव कापलं गेलं तर तुझं लागेल, असं तुला कुणी सांगितलं का? घरकुलाच्या यादीसारखं? इथे तसं नसतं. एकीचं गेलं म्हणून दुसरीला मिळत नाही.”

तिला माझं बोलणं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती उठून उभीच राहिली.

“मी तिच्याव तक्रार केली म्हनता? जयाव? मी तिचं पाय धुवून पानी पिईन. माझ्यासाठी तिनं काय केलंय ते तुमाला—” आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

मी तिला वहीवर दोन ओळी लिहायला सांगितल्या. तिनं उजव्या हातानं सावकाश लिहिल्या. अक्षर किरटं, टोकदार, शाई जिथल्या तिथे. कागदाशी कुठेच जुळत नव्हतं.

माझ्या यादीतली चारही माणसं संपली होती आणि लिहिणारं माणूस सापडलं नव्हतं.

५

चार वाजत आले होते. परतीची गाडी साडेपाचला. मी पुन्हा गेणभाऊंच्या बाकावर येऊन बसले आणि चहा मागवला. डोळ्यांसमोर सारखी ती उलट्या पिळाची पेंढी येत होती. एकटीनं बांधलं, असं जया म्हणाली होती. पण शर्ट दाखवताना, घोंगडी टाकताना तिचा उजवा हात पुढे आलेला मी पाहिला होता.

“गेणभाऊ, भाताच्या बंधाला उलटा पीळ कोण घालतं हो?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

ते खदखदून हसले. “आमच्या वाडीत येकच. डावरा ज्ञाना! पडकईला उतरलं की त्येच्या पेंढ्या लांबून वळखू याच्या. आमी म्हनायचो, ज्ञानाची पेंढी सोडाया बायको पन डावरी पायजे.”

पडकई म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती. आज सगळी वाडी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, फक्त फेड. बाप्याच्या दिवसाला बाप्याचा दिवस, बाईच्या दिवसाला बाईचा.

“मग जयाच्या पडकईला कोण जायचं? तिच्याकडे तर फेडायला बाप्या नाही.”

“कोन जानार? वाडीनं सोडली तिला. येकटा ज्ञानाच जायचा, बायकोला घिऊन. पडूस्तवर, दोन वर्सं. परत बाप्याचा दिस काय मागितला न्हाई त्येनं. येडा मानूस.” गेणभाऊंनी टोपी सारखी केली. “गेला आता मुंबईला, बायकोला टाकून. म्हंजे बगा, चांगला वाटनारा पन.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ज्ञानेश्वर गणपतीनंतर मुंबईला गेला होता. भात कापून पंधरा दिवसही झाले नव्हते. आणि जयाच्या उडवीतली पेंढी न् पेंढी डाव्या हाताची होती.

मी कागद उलगडला. लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरांवरून पुढे सरकत गेला होता, म्हणून शाई उजवीकडे फरकटली होती. उजव्या हातानं लिहिणाऱ्याची शाई अशी फरकटत नाही.

मी उठले आणि चढ चढू लागले.

६

जया दारातच होती. मोहिनीही कुडाच्या पलीकडून बाहेर आली. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं असावं.

“जया, तुझी कणगी रिकामी आहे,” मी म्हटलं. “झोडणी व्हायची आहे अजून. रिकामी कणगी कुणी दोन हात पुढे ओढत नाही, मागे जागा हवी असल्याशिवाय. दिवाळीत पोराला तू घरी आणलं नाहीस, कारण पोरापासून पडवी लपली नसती. बंध तू बांधले नाहीस. आणि हा कागदही वाडीतल्या कुणी लिहिला नाही. बाहेरच्या माणसाला तुझ्या दोरीवरचा शर्ट दिसतो. आत बसलेल्याला दोरी दिसत नाही. बाहेरचा माणूस कुणाचं तरी नाव घेतो. यानं घेतलं नाही, कारण ते त्याचं स्वतःचं होतं.”

पडवीत काहीच हललं नाही. मग कणगीमागून काठी टेकल्याचा आवाज आला.

ज्ञानेश्वर भिंतीला धरून बाहेर आला. दाढी वाढलेली, रंग अंधारात ठेवलेल्या कोंबासारखा पिवळट. उजेडानं त्याचे डोळे मिटत होते.

“तू?” मोहिनी किंचाळली. “तू लिवलं? जयानं अडीच म्हैने तुला झाकलं, आन् तू तिच्याव कागद लिवला?”

“तिच्याव न्हाई लिवला,” तो म्हणाला. बोलायची सवय गेल्यासारखा घोगरा आवाज. “बाप्या हाय येवढंच लिवलं. माझं नाव घालाया हात वळंना. नाव घातलं आसतं तर तुजा अर्ज मीच फाडल्यासारखं झालं आसतं. मला वाटलं, म्याडम येतील, मला बघतील, जयाचा दादला न्हाई हे त्यास्नी कळंल. तिला काय व्हनार न्हाई आसं वाटलं.”

“वाटलं!” मी ओरडले. राग कुणाचा आला होता मला सांगता येत नाही. “आणि जया, तू? तुला पोराची शाळा दिसत नव्हती?”

“दिसत व्हती,” जया म्हणाली. “पर दोन वर्सं ह्यो मानूस माझ्या खाचरात उतरला. बाप्याच्या दिसाला बाप्याचा दिस. माझ्याकडं बाप्या न्हाई, फेडू कशी? मोहिनीनं म्हनलं, ह्येला थोडं दिस ठेव, अर्ज पास हुस्तवर. मी म्हनलं, ठेवते. पडकई फिटंल.”

“मग शेवटी का लिहिलंस?” मी ज्ञानेश्वरला विचारलं. “थोडे दिवस राहिले होते.”

तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला.

“माझी परतीक्षा रोज संध्याकाळी ताक न्यायला हितं येती,” तो म्हणाला. “कणगीच्या पलीकडून जाती. मोहिनीनं शिकवलंय तिला, कणगीकडं बघायचं न्हाई. कुनी इचारलं तर बाप गेला म्हनायचं. पयल्या आठवड्यात डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघायची. मी हळूच बोट हलवायचो. मग बघायची बंद झाली. चांगलं शिकली. मागल्या सोमवारी माझ्या हातातनं वाटी पडली. दचकाय पायजे का न्हाई? ती न्हाई दचकली. ताक घेतलं, गेली. मला वाटलं, मी खरंच गेलो का काय. तिच्याच वहीचं फाटलेलं पान हितं पडलं व्हतं, त्येच्याव लिवलं आन् पेटीत सरकवलं.”

मी पिशवीतून दोन्ही कागद काढले. जयाच्या चौकशीत मी तिथेच लिहिलं, पती या घरात राहत नाही, तक्रारीत तथ्य नाही. मोहिनीचा अर्ज हातात धरला आणि मला माझ्या नोकरीची लाज वाटली. पकडलेला हा चौथा नवरा होता.

“मला नामंजूर लिहावं लागेल, मोहिनी. तो घरी आहे.”

तिनं मान हलवली. रडलीसुद्धा नाही.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. माझ्या आरडाओरड्यानं अंगण भरलं होतं. साळुबाई आली होती. ज्ञानेश्वरला जयाच्या उंबऱ्यात पाहून तिनं तोंडावर हात मारून घेतला. गेणभाऊ धापा टाकत चढ चढून आले, त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला.

“म्हंजे बाप्या व्हताच की! दुसरीचा दादला, आन् ठेवला हिनं! म्याडम, तुमी काय बी लिवा. उद्या आमी सह्यांनिशी देतो. नाव घालून.”

“गेणभाऊ, तो हिच्याकडे का होता हे तुम्ही ऐकलंत का?” मी म्हटलं.

“काऽ व्हता ते सरकार इचारत न्हाई. व्हता का न्हवता येवढंच इचारतं.”

मी अठ्ठावीस वर्षं तेवढंच विचारत आले होते. दहा-बारा माणसं आत्ताच नावं सांगू लागली होती, द्रौपदाला वही आणायला पाठवलं होतं. जया उंबऱ्याशी बसली होती. “सोमवारी जाते मंचरला,” ती कुणालाही उद्देशून नाही अशी म्हणाली. “पोराची पेटी घिऊन येते. गादी हॉस्टेलचीच हाय, ती ठेवाय लागंल.”

तेवढ्यात शाळा सुटली. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पाठीवर दप्तर, हातात खिचडीचा डबा घेऊन अंगणात आली. एवढी माणसं बघून बुजली. ज्ञानेश्वर काठी टेकत दोन पावलं पुढे आला आणि तिच्या वाटेतच उभा राहिला.

“परतीक्षा,” त्यानं हाक मारली.

मुलीनं नजर जमिनीवर ठेवली. त्याला वळसा घातला, जसा ती रोज कणगीला घालत असेल तसा, आणि सरळ आईपाशी जाऊन उभी राहिली.

मग तिनं आईचा पदर ओढला आणि माझ्याकडे बघत, हळूच विचारलं, “आई, त्या म्याडम हायेत. तरी आज बघू का?”

मोहिनीनं तिच्या हातातला डबा काढून घेतला.

“बघ, बाळा,” मी म्हटलं. “बघ त्यांच्याकडे.”